कंडेन्सरमधली पिवळट भुकटी आणि पाइपला पडलेली छिद्रे

मिसळ प्लास्टिक न निवडता पायरोलिसिसला (हवेविना तापवून तेल काढायला) घातल्यावर कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करणारी नळी, पिवळट भुकटीने तुंबतो आणि ३०४ स्टीलच्या पाइपला छिद्रे पडतात, असे तुम्ही लिहिले आहे. ही दोन वेगळ्या प्लास्टिकची कामे आहेत. रिॲक्टर बदलण्यावर पैसे घालू नका, दोष कच्च्या मालात आहे.

चिमूटभर भुकटी पाण्यात ढवळा. पाण्यात विरघळली नाही पण पातळ कॉस्टिक सोड्यात विरघळली, तर बहुतेक टेरेफ्थॅलिक आम्ल, म्हणजे मालात पेट आहे: बाटल्या, शांपूच्या पुड्या, पॉलिस्टर कापड. याची वाफ थंड नळीला लागली की द्रव न होता थेट घट्ट बसते. पाण्यात सहज विरघळली आणि कॉस्टिक टाकल्यावर अमोनियाचा वास सुटला, तर अमोनियम क्लोराइड. मग पीव्हीसीबरोबर नायट्रोजन असलेले नायलॉन किंवा एबीएसही (उपकरणांच्या कवचांचे कडक प्लास्टिक) शिरले आहे.

छिद्रे पीव्हीसीची. शुद्ध पीव्हीसीत वजनाने सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते. १०० किलो मालात १ किलो गेले तरी साधारण ५८० ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड सुटतो. कोरडा वायू स्टीलला तितका खात नाही. पण माल ओला असला की कंडेन्सरच्या तोंडाशी पाणी धरते, तिथे त्याचे आम्ल होते आणि पाइप नेमका तिथेच जातो.

म्हणून तुकडे करून साबण घातलेल्या पाण्याच्या टाकीत सोडा. पॉलिथिन (पीई) आणि पॉलिप्रॉपिलीन (पीपी) तरंगतात, पेट, पीव्हीसी, पॉलिस्टायरीन बुडतात. चुनखडीची भुकटी भरलेले पीपीही बुडते, तेवढे जाऊ द्या. पेट-पीईच्या जोड थरांच्या पुड्या मात्र पाण्यावर विसंबून निवडता येत नाहीत, त्या आधी हातानेच काढा. एखाद्या तुकड्याची शंका आली तर तांब्याची तार लाल तापवून त्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा: हिरवी ज्योत दिसली तर क्लोरीन. धूर विषारी, उघड्यावरच करा.

माल पूर्ण वाळवा. नायट्रोजनखाली ३०० अंशांच्या आसपास अर्धा-पाऊण तास धरून सुटणारा हायड्रोजन क्लोराइड कॉस्टिक स्क्रबरला (कॉस्टिकच्या पाण्याने वायू धुणाऱ्या टाकीला) काढा, मगच ४००-५०० अंशांवर न्या. यात बहुतेक क्लोरीन जातो, सगळा नाही. उरलेला तेलात सेंद्रिय रूपात राहतो. नाफ्था क्रॅकरला (तेल फोडून प्लास्टिकचा कच्चा माल करणाऱ्या कारखान्याला) तो काही पीपीएमपुरताच, म्हणजे दहा लाखांत काही भागच चालतो, त्यामुळे तिकडे विकायचे तर हायड्रोट्रीटिंग (हायड्रोजनने तेल शुद्ध करणे) लागेलच.

आणि पहिला कंडेन्सर गार पाण्यावर ठेवू नका. पॉलिथिनचे मेण त्यात गोठते, मागे दाब चढतो. तो ऊनच ठेवा, गार दुसरा.