‘सूत्रं पाठ आहेत, तरी ऑप्टिक्सची गणितं चुकतात’

बारावी सायन्सची विद्यार्थिनी. कागलहून रोज कोल्हापुरात राजारामपुरीत क्लासला येते. ऑप्टिक्सच्या, म्हणजे प्रकाशाच्या धड्यांच्या चाचणीत मार्क फारच कमी पडले आणि ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायचीच नाही म्हणून ती हटून बसली. वडील म्हणाले, “मॅडम, पोरगी रात्री बारापर्यंत वाचत बसते, तरी मार्क येईनात.” तिचं म्हणणं, “सूत्रं सगळी येतात. मला फिजिक्सच जमणार नाही.”

राज्य मंडळाची बरीच मुलं हीच काळजी घेऊन येतात. आरसे आणि भिंगं त्यांना अकरावीत असतात, बारावीत तरंग प्रकाशिकी. प्रवेश परीक्षांच्या सरावात दोन्ही एकदम समोर येतं, तोवर अकरावीत शिकलेली अंतरांची धन-ऋण चिन्हं डोक्यातून गेलेली असतात. म्हणून मुलाला कच्चं ठरवण्याआधी त्याची कच्ची वही बघावी. चूक कुठे झाली ते तिथेच दिसतं.

हिच्या वहीत एकही आकृती नव्हती. गणित साधं होतं: बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेंमी, वस्तू १५ सेंमीवर. सूत्र बरोबर लिहिलेलं, १/व्ही − १/यू = १/एफ (यू वस्तूचं अंतर, व्ही प्रतिमेचं, एफ नाभीय अंतर). पण वस्तू किरणांच्या उलट दिशेला असल्याने यू −१५ हवा, तो +१५ घेतला. त्यामुळे १/व्ही = १/२० + १/१५ = ७/६०, म्हणजे प्रतिमा भिंगापलीकडे ८.६ सेंमीवर. हे उत्तर बघताच खटकायला हवं, कारण समोर ठेवलेल्या वस्तूची खरी प्रतिमा बहिर्वक्र भिंग नाभीच्या अलीकडे कधीच देत नाही. बरोबर मांडणी १/२० − १/१५ = −१/६०. प्रतिमा वस्तूच्याच बाजूला ६० सेंमीवर, आभासी (पडद्यावर न पडणारी), सुलट, चौपट मोठी.

खरी अडचण दोन भिंगांच्या गणितात होती. दोन्ही बहिर्वक्र, एफ २० सेंमी, मधलं अंतर ४० सेंमी, वस्तू पहिल्यापासून ३० सेंमीवर. पहिलं भिंग प्रतिमा ६० सेंमीवर देतं, म्हणजे दुसऱ्याच्या २० सेंमी पलीकडे. हिने सवयीने दुसऱ्यासाठी यू −२० घेतला, उत्तर अनंत आलं आणि ती रडकुंडीला आली. किरण दुसऱ्या भिंगावर पोचतात तेव्हा ते आधीच एकत्र येत असतात, त्यामुळे इथे वस्तू आभासी आणि यू +२०. व्ही येतो १० सेंमी. प्रत्येक भिंगाला अंतर नव्याने, त्याच्याच मध्यापासून मोजायचं, ही गोष्ट आकृतीशिवाय हमखास निसटते.

यंगच्या प्रयोगात, म्हणजे दोन फटींतून आलेल्या प्रकाशाच्या पट्ट्यांच्या गणितात, तिची चूक निव्वळ एककांची होती. तरंगलांबी ६०० नॅनोमीटर, फटींमधलं अंतर ०.५ मिमी, पडदा १ मीटरवर: सगळं मीटरमध्ये केलं की पट्टीची रुंदी १.२ मिमी.

तिला सांगितलं ते एवढंच. पहिला आठवडा आकडेमोड करायचीच नाही. रोज चार गणितं घ्यायची, आकृती काढायची, किरण डावीकडून उजवीकडे न्यायचे, त्या दिशेची अंतरं धन आणि उलटी ऋण. दिलेल्या राशींना चिन्ह लावायचं, शोधायच्या राशीला मात्र नाही. तिचं चिन्ह उत्तरातून येतं. बहुतेक मुलं व्हीला आधीच ऋण चिन्ह लावतात आणि तिथे फसतात. मग उत्तर कुठल्या बाजूला येईल याचा अंदाज लिहून वही मिटायची. आकडेमोड दुसऱ्या आठवड्यापासून.

घरातलं वाचनाचं भिंगही घ्यायला सांगितलं. भिंतीवर लांबच्या खिडकीची उलटी प्रतिमा स्पष्ट पडली की भिंग ते भिंत हे अंतर साधारण नाभीय अंतर. मोबाइलचा टॉर्च भिंगाच्या त्याहून जवळ आणला तर दोन्ही भिंतीपासून कितीही मागेपुढे धरा, प्रतिमा पडत नाही. वर चुकलेलं पहिलं गणित ते हेच.

वडिलांना वेगळं सांगावं लागलं: निदान पुढच्या चाचणीपर्यंत मार्क विचारू नका. त्या चाचणीतल्या चुका आकृती, चिन्ह आणि आकडेमोड अशा तीन रकान्यांत मांडून तिने घेऊन यावं. चिन्हांचा रकाना आटला असेल, तर नीटचा विषय पुन्हा काढू. तोवर रात्री बाराचं जागरण बंद.