हंबल पाय म्हणजे कोणाचा पाय?

प्रश्न : मीटिंगमधे साहेब म्हणले, 'आय हॅड टू ईट हंबल पाय', मी म्हणलं सर, पाया सूप का? सगळे खदखदा हसले. अर्थ सांगा की. – एक वाचक, परभणी

उत्तर : हसू द्या हो, तुम्ही लई लांब नव्हता! अर्थ एवढाच, चूक कबूल करून मान खाली घालणं. पण हरणाच्या काळीज-आतड्याला जुन्या इंग्रजीत अंबल्स म्हणायचे, ते पिठाच्या पारीत भरून भाजायचे, त्या पदार्थाला इंग्रजीत 'पाय' म्हणतात, म्हणजे आपल्या वजडीचाच भाऊबंद, मग अंबल अन् हंबल सारखंच ऐकू येतंय म्हणून अर्थ नम्रतेकडं सरकला. अमेरिकेत तर याच अर्थानं 'ईट क्रो' म्हणतात, म्हणजे कावळाच खातात, आपण पितरपाटात त्याला घास ठेवतो अन् हे त्यालाच! आपलं नाक घासणं बरं. पण साहेबाचं चुकलं काय होतं, ते लिहिलंच नाही तुम्ही?