फाईल बघायला एकटा जाऊ नकोस

अरे राजा,

तुझा रात्री दोनचा मेसेज सकाळी वाचला. १८ पूर्ण झाली, आता बालगृह सोडायचं, पण ताई मी नक्की कोणाचा? त्या वयात मीही हेच उशीत तोंड खुपसून विचारायचे रे.

आधी कामाचं. २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणगृहात, म्हणजे बालगृह सोडलेल्या मुलांच्या सरकारमान्य निवासात, राहता येतं, अर्ज टाक, लाजू नकोस. आणि अनाथ प्रमाणपत्र काढ, जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात विचार, आपल्या राज्यात २०१८ पासून शिक्षणात आणि सरकारी नोकरीत १ टक्का आरक्षण आहे ते त्या कागदाशिवाय मिळत नाही.

आता बालगृहातल्या तुझ्या फाईलचं. त्यात बालकल्याण समितीचा आदेश असतो, तू कुठे सापडलास, कोणी आणून दिलं, असं थोडंफार लिहिलेलं असतं. माझ्या फाईलमध्ये एकच ओळ होती, मुलगी अंदाजे २० दिवसांची, हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, डाव्या गालावर काजळाची तीट. जन्मतारीख १ जून, ती शाळेनं टाकलेली. पण ती तीट! सोडून जायच्या दिवशीसुद्धा मला नजर लागू नये असं कुणालातरी वाटलं होतं. ती आई होती की आजी, आजही माहीत नाही. दोन वर्षं एसटीनं त्या गावाला चकरा मारल्या, लोक दारातूनच परत पाठवायचे, त्यात हातातली नोकरी गेली, हाती काहीच लागलं नाही. म्हणून सांगते, शोध घे, तो तुझा हक्कच आहे, पण आयटीआय सोडून नको. आणि आई सापडलीच तर एकदम तिच्या दारात जाऊन उभा राहू नकोस, तिच्या आताच्या घरात कदाचित कुणाला काहीच ठाऊक नसेल, आधी कुणाच्या तरी मार्फत विचार.

आडनाव संस्थेनं दिलेलं म्हणून खोटं वाटतं म्हणतोस ना? अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या शंभरावर मुलांना स्वतःचं आडनाव दिलंय, २०२४ ला पद्मश्री मिळाली बघ त्यांना. त्या पोरांना कोणी म्हणून दाखवावं की तुम्ही खरे पापळकर नाही! तुझ्या नावानं तुला १५ वर्षं हाक मारलीये सगळ्यांनी, मीसुद्धा.

शनिवारी मला सुट्टी आहे. फाईल बघायला मी येते सोबत, डबा दोघांचा आणते. तोवर आधार आणि बोनाफाईडच्या झेरॉक्स काढून ठेव.

तुझी ताई