उत्तर निम्मंच का येतं? ज्वलन उष्णतेची गणितं आणि तुमचे प्रश्न

प्रश्न : सर, स्पिरिट लॅम्पमध्ये इथेनॉल जाळून १०० ग्रॅम पाणी २० वरून ५० अंशांवर नेलं, लॅम्पचं वजन ०.९२ ग्रॅमने कमी झालं. ज्वलन उष्णतेचं (एक मोल जळल्यावर किती उष्णता निघते त्याचं) माझं उत्तर ६२७ किलोज्यूल प्रति मोल आलं, पुस्तकात १३६७ आहे. कुठे चुकलं?

उत्तर : गणितात कुठेच नाही, खरंच. पाण्याने घेतलेली उष्णता १०० गुणिले ४.१८ (पाण्याची विशिष्ट उष्णता, म्हणजे एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला लागणारे ज्यूल) गुणिले ३०, म्हणजे १२.५४ किलोज्यूल. इथेनॉल ०.९२ भागिले ४६ (त्याच्या एका मोलचं ग्रॅममधलं वजन), म्हणजे ०.०२ मोल. भागलं की ६२७, फक्त पुढे उणे चिन्ह लाव कारण उष्णता बाहेर पडतेय. बरीच मुलं इथे पाण्याऐवजी इथेनॉलचं वजन घालतात किंवा ३० मध्ये २७३ मिळवतात, तू दोन्ही केलं नाहीस. फरक हा फरकच असतो, सेल्सिअसमध्ये ३० तर केल्विनमध्येही ३०.

उरलेली उष्णता गेली आजूबाजूच्या हवेत, तिवईत, बीकरच्या काचेत, शिवाय बुडाला काजळी धरली असेल तर इंधन पूर्ण जळलंच नाही, आणि वजन करेपर्यंत वातीवरून जे इथेनॉल उडालं तेही तू जळालं म्हणूनच मोजलंस. पुढच्या वेळी पातळ तांब्याचं भांडं घे, वाऱ्याला आडोसा कर, ज्योत विझली की लगेच लॅम्पला टोपण लाव. आणि जर्नलमध्ये ६२७ च लिही, पुस्तकातला आकडा उतरवू नकोस प्लीज. तुझा आकडा खरा आहे.

प्रश्न : अभिक्रियेची उष्णता काढताना कधी प्रॉडक्ट वजा रिअ‍ॅक्टंट, कधी उलटं. पाठ केलं तरी पेपरात गोंधळ होतोच.

उत्तर : पाठ करूच नकोस, डेटा कशाचा दिलाय ते बघ. निर्मितीचा म्हणजे फॉर्मेशनचा असेल तर सगळं मूलद्रव्यांपासून मोजलेलं असतं, रिअ‍ॅक्टंट मोडून आधी मूलद्रव्यांपर्यंत मागे जायचं म्हणून त्याचं चिन्ह उलटतं, म्हणजे प्रॉडक्ट वजा रिअ‍ॅक्टंट. प्रोपेन घे. एका मोलमधून ३ कार्बन डायऑक्साइड, ४ पाणी. त्यांच्या निर्मितीच्या उष्णता घेऊन ३ गुणिले उणे ३९३.५ अधिक ४ गुणिले उणे २८५.८, झाले उणे २३२३.७, त्यातून प्रोपेनचे उणे १०३.८ वजा केले की उणे २२१९.९. ऑक्सिजन शून्य, तो मूलद्रव्यच आहे.

डेटा ज्वलनाचा असेल तर सगळे शेवटी जळून त्याच कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यावर पोचतात, मग प्रॉडक्टकडून उलटं यायचं, म्हणून रिअ‍ॅक्टंट वजा प्रॉडक्ट. रसायनशास्त्रज्ञ हेसने १८४० मध्ये सांगितलं ते एवढंच, वाट कुठलीही धरा, बेरीज तीच.

प्रश्न : मिथेनच्या ज्वलन उष्णतेचं उत्तर एकीकडे ८९०, दुसरीकडे ८०२. बरोबर कुठलं?

उत्तर : दोन्ही. ८९० मध्ये पाणी द्रव आहे, ८०२ मध्ये वाफ. २ मोल पाण्याची वाफ व्हायला प्रत्येकी ४४ किलोज्यूल, तोच ८८ चा फरक. अवस्था लिहायचा कंटाळा केला की हे होतं.

प्रश्न : मुलगी विचारते, घरच्या सिलिंडरमध्ये किती उष्णता असते?

उत्तर : ताई, फार छान प्रश्न विचारलाय तिने! आत प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असतं, आपण सगळं ब्युटेन धरू. १४.२ किलो भागिले ५८ ग्रॅम (एका मोलचं वजन), साधारण २४५ मोल, गुणिले २८७८ (ब्युटेनची ज्वलन उष्णता), म्हणजे ७ लाख किलोज्यूलच्या आसपास. काहीच वाया गेलं नाही तर २२०० लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला येईल. पण शेगडीवर गॅस जळून तयार झालेलं पाणी वाफ होऊनच निघून जातं आणि पातेल्याच्या कडेनेही आच सुटते, त्यामुळे प्रत्यक्षात बरंच कमी. किती कमी, ते तिलाच एक लिटर पाणी तापवून मोजू द्या, फक्त तुम्ही शेजारी उभ्या राहा.