786 नंबरच्या आणि छपाई चुकलेल्या नोटेचे खरंच लाखो रुपये मिळतात का?

तुम्ही विचारलंय, घरात 786 ने संपणारी शंभराची एक नोट आणि नंबर चुकलेली दहाची एक नोट सापडली, जाहिरातीत 3 लाख सांगतात, तर विकायची कुठे?

शंभराच्या नोटेचे लाख सोडा, हजारही कुणी देणार नाही. साधा हिशोब आहे. नोटेवरच्या नंबराच्या सुरुवातीला अंक आणि अक्षरं असतात. तशा एका मालिकेत 10 लाख नंबर निघतात आणि त्यातले 1,000 नंबर 786 ने संपतात. पुढे तीन शून्यं असलेला 000786 मात्र मालिकेत एकच. 000001, 777777 किंवा 123456 चंही तसंच, म्हणून त्यांच्यामागे लोक धावतात.

दहाची नोट मात्र जपा, माझा जीव तिच्यात अडकलाय. मी परभणीच्या मोंढ्यात आडतीवर रोकड सांभाळतो. सोयाबीनच्या हंगामात एका शेतकरी मामांनी वीसची नोट ‘ही खोटी दिसते’ म्हणून परत केली. डावीकडचा नंबर नीट होता. उजवीकडे शेवटच्या जागी 3 चा खालचा अर्धा भाग आणि त्याच्याखाली 4 चा वरचा अर्धा भाग. नंबर छापणारं चाक अर्धवट फिरून अडकलं होतं. तेवढे पैसे मी खिशातून गल्ल्यात टाकले आणि नोट घरी नेली. नऊ वर्षं झाली, अजून माझ्याकडेच आहे.

चूक छापखान्यातली आहे की कुणी घरी केली, एवढंच पाहायचं असतं. गांधीजींचं चित्र असलेल्या ‘महात्मा गांधी मालिके’च्या नोटांवर नंबर चमकणाऱ्या शाईने छापलेले असतात, अतिनील दिव्याखाली ते उजळतात. रसायनाने नंबर पुसला असेल तर भिंगाखाली तिथला कागद खरबरीत दिसतो, आजूबाजूचा बारीक रंगही फिका पडतो. छापताना कागदाचा कोपरा दुमडला असेल तर घडी उलगडल्यावर जादा कागद बाहेर येतो आणि घडीच्या आत कोरी पट्टी राहते. अशी चूक घरी करणं फार अवघड. नंबरात * असेल तर ती चूक नव्हे. खराब निघालेल्या नोटेच्या जागी रिझर्व्ह बँक 2006 पासून अशा नोटा घालते, आणि त्या खऱ्याच असतात.

जाहिरातवाल्यांना एक पैसाही देऊ नका. आमच्या इथल्या एका हमालाने ‘फाइल चार्ज’ म्हणून 1,500 रुपये भरले, पुढे फोन बंद. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून कुणी कमिशन किंवा कर मागत असेल तर फसू नका, असं बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये स्वतः सांगितलंय. आणि त्याच कपाटात बंद झालेल्या 500-1000 च्या नोटा निघाल्या तर मोजा: 2017 च्या कायद्याने एकूण 10 च ठेवता येतात, अभ्यास-संग्रहासाठी 25.

तुम्ही मराठवाड्यातले असाल तर आजोबांची ट्रंक, जुन्या पोथ्या एकदा उलगडून पाहा. निजामाच्या राज्याने 1918 पासून स्वतःच्या कागदी नोटा काढल्या, त्यांच्यावर उर्दू, इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू, कन्नडही आहे. माझे आजोबा शेवटपर्यंत ‘हाली की कलदार?’ असं विचारायचे, हाली म्हणजे निजामाचा रुपया आणि कलदार म्हणजे इंग्रजांचा, आणि 7 हाली म्हणजे 6 कलदार. त्यांच्या ज्ञानेश्वरीत मला हालीची एक नोट मिळाली, घडीवर विरलेली. बाजारात तिला फार भाव येणार नाही, पण माझ्या संग्रहातली पहिली नोट तीच.

तुमच्या दहाच्या नोटेचा दोन्ही बाजूंनी, उजेडात, नंबर वाचता येतील असा फोटो इथे टाका. तोवर इस्त्री, लॅमिनेशन, सेलोटेप काही करू नका. वहीत सपाट ठेवा.