घोणस चावली, डायलिसिस थांबले, आता पुढे?

प्रश्न : भातकापणीत काकांच्या (वय 46) पायाला घोणस चावली. प्रतिविषाच्या 20 बाटल्या दिल्या, तरी लघवी बंद झाली. सहा वेळा डायलिसिस करावे लागले. आता दोन महिने झाले. लघवी नीट होते, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) 1.8 आहे. पाय ठणकतो म्हणून ते डायक्लोफिनॅक घेऊन शेतात जातात. प्रतिविष देऊनही किडनी का बिघडली? आता तपासण्या थांबवल्या तर चालेल का?

उत्तर : आधी ती गोळी बंद करा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांमुळे किडनीचा रक्तपुरवठा आखडतो. उन्हात घाम गाळणाऱ्याला त्या आणखीच बाधतात. ठणक्यावर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल चालेल.

प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, झालेली इजा भरून काढत नाही. घोणसच्या विषाने रक्तात बारीक गुठळ्या होत राहतात, त्यात रक्त गोठवणारे घटक संपतात, त्या गुठळ्या किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, रक्तदाबही घसरतो. म्हणून मांत्रिकाकडे घालवलेला तास किडनीला महागात पडतो. दवाखान्यात 2 मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त पातळच वाहिले, तर प्रतिविष हवे. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल, तर चांगले रक्तही गोठत नाही आणि निदान चुकते. पहिल्या 10 बाटल्यांनंतर 6 तासांनी हीच चाचणी पुन्हा करतात. काकांना पुढच्या 10 बहुधा त्यामुळेच लागल्या.

लघवी सुरू झाली म्हणजे किडनी सुधारली, असे बहुतेक घरांत धरून चालतात. 46 वर्षांच्या पुरुषात क्रिएटिनिन 1.8 म्हणजे गाळणक्षमता (किडनी मिनिटाला किती मिली रक्त गाळते) 45च्या आसपास. दंशाला तीन महिने झाले की क्रिएटिनिन, सकाळच्या पहिल्या लघवीतले अल्ब्युमिन (रक्तातले प्रथिन), रक्तदाब आणि सोनोग्राफी करून घ्या. गाळणक्षमता तेव्हाही 60च्या खाली असेल किंवा अल्ब्युमिन जात असेल, तर हा दीर्घकालीन किडनीविकार आहे. किडनीतज्ज्ञांकडे नाव नोंदवा.

‘किडनी साफ करणारे’ काढे नकोत. शहाळ्याचे पाणीही पोटॅशियम तपासल्याशिवाय देऊ नका, त्यात ते भरपूर असते. डिस्चार्ज कार्ड जपा आणि गावात अंगदुखीवर सुई घेण्याआधी ते दाखवा. ती सुई बऱ्याचदा डायक्लोफिनॅकचीच असते.