ड्रॅग रेसच्या लाँचला (सुटताना) टायर जागेवरच फिरतायत? मग गिअरला आत्ताच हात लावू नकोस

भावा, ड्रॅगसाठी फायनल ड्राइव्ह (चाकांआधीचा शेवटचा गिअर) बदलू का विचारलंस, पण आधी एक सांग, लाँचला टायर जागेवर फिरतात की इंजिनचा दम पडतो? टायर फिरत असतील तर फायनल ड्राइव्ह ४.१ चा ४.४ केलास की चाकावरचा टॉर्क (फिरवणारा जोर) साधारण ७ टक्के वाढणार, टायर अजूनच फिरणार आणि पैसे पाण्यात. तुझी फ्रंट व्हील ड्राइव्ह, पाय दाबला की वजन मागे जातं आणि नेमकी ओढणारी पुढची चाकं हलकी होतात, म्हणून मागच्या स्प्रिंग कडक टाक, पुढच्या शॉकचा रिबाउंड (दबलेला शॉक परत उघडतानाचा अडसर) पण कडक ठेव म्हणजे नाक उचलणार नाही. रिअर व्हीलवाल्यांचं बघून पुढचं ढिलं करू नकोस रे, त्यांचं गणित उलटं असतं.

आणि त्याच्याही आधी सस्पेन्शनचे रबरी बुश बघ! रत्नागिरीची खारी हवा, त्यात घाटातले खड्डे, रबर फाटलेलं असेल तर कसलंही सेटिंग टिकत नाही, मी अख्खा सीझन असाच घालवलाय.

मग एका वेळी एकच बदल, पुढच्या टायरची हवा पण एकेक पीएसआयनेच कमी कर, आणि ४०२ मीटरचा, म्हणजे अख्ख्या रेसचा, टाइम नको, पहिल्या ६० फुटांचा वहीत लिही. हे सगळं ट्रॅकवरच हां, हायवेवर अजिबात नाही.

६० फूट सुधारले की गिअरचं बोलू.